बाबा मागच्या सीटवर

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. आयुष्यभर त्यांनी बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर बसमध्ये प्रवासी म्हणून बसणं काही त्यांना जमेना. पुढच्या सीटवर बसले की उजवा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जायचा. ड्रायव्हरनं गिअर उशिरा टाकला की हे 'च्च' करायचे. खड्डा चुकवला नाही तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा उसासा. एकदा घाटंजीला जाताना त्यांनी ड्रायव्हरला इतकं समजावलं, की त्या बिचाऱ्यानं गाडी कडेला घेतली, हात जोडले आणि म्हणाला, "काका, या, तुमीच चालवा." त्या दिवशी आईनं त्यांच्या पुढच्या सीटवर बसण्याला बंदी घातली. मागं बसलं की त्यांना मळमळायचं. असा त्यांचा प्रवासच खुंटला.

मागच्या हिवाळ्यात उमरखेडकडून फोन आला. बाबांच्या गाडीवर कितीतरी वर्षं कंडक्टर असलेले काका आता आपल्या तांड्यावर शेती करतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "तू येतो, का मी काठी टेकत येऊ?" त्यांनी विचारलं. बाबांनी फोन ठेवला आणि दिवसभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. एवढ्यासाठी भाड्याची कार करायला ते तयार नव्हते. कारमध्येही ड्रायव्हर असतोच, ही खरी अडचण.

"माझ्या गाडीवर चला," मी म्हटलं.

"फटफटीवर? उमरखेडले?" बाबा हसायला लागले. "तुह्या इंजिनाएवढा तं आमच्या गाडीचा हॉर्न होता, माय."

माझी गाडी म्हणजे शंभर सीसीची मोटारसायकल. मी आर्णी रोडवरच्या एका गावात शाळेत शिकवते आणि रोज हायवेनंच जाते-येते. आधी स्कूटर होती, पण तिची बारकी चाकं खड्ड्यात आपटायची, म्हणून मी ही घेतली. शाळेत सुरुवातीला बाया म्हणायच्या, "हायवेवर बुलेट तरी पाहिजे, हे काय?" आता कोणी काही म्हणत नाही. छोट्या इंजिनाला हायवेवर एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे अडचणीतून सुटून पळणं. मोठी गाडी मूठ पिळली की उडी मारून पुढं जाते, आपली नुसती ओरडते. तेव्हा अडचणीत शिरायचंच नाही, एवढं कळलं की काम झालं. डावी लेन, पन्नास-पंचावन्नचा वेग, दोन्ही आरसे नीट लावलेले, दोन ट्रकच्या मधे कधीच राहायचं नाही आणि अंधार पडायच्या आत घरी.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी चौकातल्या मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी चेन आवळली, ब्रेक पाहिले आणि बाबांकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून मागच्या चाकात हवा वाढवली. "ड्रायव्हरसाब, पीछे बैठके स्टिअरिंग मत ढूंढना," असं म्हणून ते जे हसले, ते दुकानातून आम्ही बाहेर पडेपर्यंत हसतच होते.

सकाळी हेल्मेटवरून पहिलं भांडण झालं. मी माझ्या भावाचं हेल्मेट आणून ठेवलं होतं.

"मागं बसणाऱ्याले कायले पाहिजे? मी जिंदगीभर उघड्या डोक्यानं गाडी चालवली."

"तुमच्या डोक्यावर बसचा टप होता, बाबा. आणि मागं बसणाऱ्यालाही कायदा आहे."

कायदा म्हटल्यावर त्यांनी हेल्मेट उचललं. आरटीओचे नियम त्यांना मंत्रांसारखे पाठ आहेत, फक्त ते दुसऱ्यांना लावायची सवय. हेल्मेट घातल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना, म्हणून ते ओरडून बोलायला लागले. "निघायचं का!" या त्यांच्या आरोळीनं शेजारच्या घरात लाइट लागला.

ऊन अंगावर येईपर्यंत आम्ही यवतमाळच्या बाहेर पडलो होतो. थंडी होती, रस्ता मोकळा होता. कडेच्या बाभळींना जाणाऱ्या गाड्यांतल्या कापसाचे पुंजके लटकलेले होते. माझी गाडी दोन माणसं घेऊन आपल्या चालीनं गुणगुणत निघाली आणि मला एकदम फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, समोरून येणारे लोक आमच्याकडे बघून हसतायत. आरशात पाहिलं, तर बाबांचा उजवा हात रस्त्याच्या दिशेनं आडवा. जुन्या काळी ड्रायव्हर खिडकीतून दाखवायचे तसे ते प्रत्येक वळणाला हात दाखवत होते.

"बाबा, इंडिकेटर लावलाय मी!"

"तो केवढुसा! कोणाले दिसते?"

"हात आत घ्या!"

"आत म्हणजे कुठं? इथं आत हायेच कुठं?"

आर्णीच्या अलीकडे एक बस मागून आली. आरशात मला ती लांबूनच दिसली होती. मी मूठ सैल केली, दोन्ही हात घट्ट ठेवले आणि आणखी डावीकडे सरकले. अशा वेळी आधी हवा आपल्याला ढकलते, मग गाडी निघून गेली की आत ओढते. रोजचं असल्यानं मला त्याचं काही वाटत नाही. बसनं लांब हॉर्न दिला आणि ती आमच्या अगदी बाजूनं गेली. गाडी थरथरली, पुन्हा सरळ झाली. माझ्या खांद्यावर बाबांचे दोन्ही हात आले होते. त्यानंतर आर्णी येईपर्यंत मागून एकही सूचना आली नाही.

आर्णीला चहाला थांबलो. बाबांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या काचेवर बोट फिरवत बसले.

"ते बस किती मोठी असते," ते म्हणाले.

मला हसू आलं. पण ते हसत नव्हते.

"वरून फटफटीवाला दिसते ना, तं माचिसच्या डबीएवढा दिसते. आपण म्हनतो, जागा तं सोडली. तेवढी जागा म्हंजे किती, हे आज समजलं मले." मग एक घोट घेऊन, "तुले रोज असंच होते?"

"रोज नाही. बरेच जण जागा सोडतात."

"हं," म्हणाले, आणि माझ्या कपात बशीतला आपला अर्धा चहा ओतला. लहानपणी त्यांच्या ड्युटीवर डबा घेऊन गेले की ते असंच करायचे.

आर्णीनंतर मात्र त्यांना कंठ फुटला. हा रस्ता दोन पदरी होता तेव्हा कुठं झाडं होती, कुठं एकाच वेळी दोन बस अडकायच्या, कुठल्या फाट्यावर म्हातारी दही घेऊन चढायची, सगळं ते माझ्या कानामागं ओरडून सांगत होते. घाट ओलांडून आम्ही उताराला लागलो आणि समोर मला तो ट्रॅक्टर दिसला. कापसानं डोंगरासारखी भरलेली ट्रॉली घेऊन तो आमच्याच लेनमध्ये, आमच्याच डाव्या कडेनं, उलटा येत होता. दुभाजकातल्या लांबच्या कटपर्यंत जायचा कंटाळा आला असणार. उजवीकडून एक कार पुढं निघत होती. आरशात, मागं बरंच जवळ, एक ट्रक.

उजवीकडे शिरले तर कारखाली. झटकन थांबले तर ट्रकखाली. मी मूठ सोडली, गिअर उतरवला आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत गेले. आणि आरशात बाबांचा हात बाहेर आलेला दिसला. पूर्ण लांब केलेला, तळवा खाली, वर-खाली, वर-खाली. सावकाश. मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीही काही विचारलं नव्हतं. मागच्या ट्रकचं तोंड खाली झुकलं, त्याच्या एअरब्रेकचा फुस्स आवाज आला. मी डांबर सोडून मुरमावर उतरले, गाडी थोडी डगमगली, पाय टेकले आणि थांबले. ट्रॉली आमच्याजवळून कापूस उडवत निघून गेली. ट्रकवाला हळूच पुढं आला, खिडकीतून बाबांकडे बघून त्यानं हात कपाळाला लावला आणि गेला.

बाबा खाली उतरले आणि ट्रॅक्टरच्या दिशेनं बघत त्याला जे काही सुनावायला लागले, ते ऐकण्यासारखं असणार. पण हेल्मेटची काच खाली होती. आतल्या आत नुसता घूं घूं आवाज, बाहेर हातवारे आणि काचेवर वाफ. मला हसू आवरेना. त्यांनी काच वर केली.

"काहून हसून राह्यली?"

"काही नाही. हात छान दाखवला."

"मंग! तुह्या त्या लुकलुक्यावर थांबला असता का तो?"

तांड्यावर पोचलो तेव्हा कंडक्टरकाका ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडेच बघत होते. आमची गाडी दिसल्यावर त्यांनी काठीनं पत्र्याच्या डब्यावर टण्‌ टण्‌ वाजवलं. बाबा उतरले, हेल्मेट न काढताच त्यांच्यापाशी गेले आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. हेल्मेट काकांच्या कपाळाला लागलं. "अरे, डोक्शावर हंडा कायले घालून आला?" काका ओरडले आणि रडायलाही लागले. काकूंनी मला "आव, छोरी," म्हणून आत नेलं. रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तूप. मी जेवत होते आणि बाहेर ते दोघे कुठल्याशा जुन्या सुट्या पैशांच्या भांडणावरून पुन्हा भांडत होते, पहिल्यापासून.

जेवणं उशिरा झाली, मग चहा, मग शेत दाखवणं. मी आभाळाकडे पाहिलं आणि ठरवलं.

"बाबा, आज मुक्काम."

"कायले? आता निघालो तं जेवायच्या वेळेपर्यंत घरी. मी रातभर नागपूरची गाडी मारली हाये, तुले माहीत हाये."

"माझ्या गाडीचा लाइट एवढासा आहे. समोर बैल उभा असला तर तो जवळ आल्यावर दिसेल."

"मी सांगतो ना पुढचं..."

"तुम्ही मागं बसता, बाबा."

काका दोघांकडे आलटूनपालटून बघत होते. मला वाटलं, आता बाबा चिडतील. त्यांनी थोडा वेळ गाडीकडे पाहिलं, मग चप्पल काढून ओट्यावर मांडी घातली. "ड्रायव्हर म्हनते तं मुक्काम," ते काकांना म्हणाले. "डिझेल तिचं, जबाबदारी तिची."

"पेट्रोल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हट्ट धरला. हायवेपर्यंत येतो, बाबांच्या मागं बसतो, एवढ्याशा रस्त्यावर कोण बघतं? मी नाही म्हटलं. तिघांनी बसायचं नाही, आणि नवा गुडघा तर मुळीच नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "पोरगी लय कडक निघाली तुही." बाबा खूश झालेले दिसले. शेवटी काकांना ओट्यावरच सोडून आम्ही निघालो.

परतीचा रस्ता सोपा होता. ऊन कोवळं, वारा मागून, आणि बाबा गप्प. ते फारच गप्प आहेत असं वाटेपर्यंत त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्‌कन आदळलं. रात्रभर गप्पा मारलेला माणूस डुलक्या घेत होता. मी पुढच्या फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्यापाशी गाडी घेतली, त्यांना उतरवलं आणि बाकावर आडवं केलं. "झोप नाई आली मले," म्हणता म्हणता ते घोरायला लागले.

मी काकूंनी दिलेल्या शेंगा फोडत बाजूला बसले. थोड्या वेळानं एक बस आली, थांबली. कंडक्टरनं विचारलं, "येता का, मॅडम?" मी मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. त्यानं बाकाकडे पाहिलं आणि बेल न वाजवता, दारावर हलकीच थाप मारून गाडी सोडली.

बाबांनी डोळे किलकिले केले. "कोन्ती होती?"

"यवतमाळ."

"जागा होती?"

"होती."

"जाऊ दे तिले," म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा झोपले.