कापलेल्या गाडीची मागची सीट

आधीच सांगते, या पेजवर मी आत्तापर्यंत फक्त कमेंटमध्ये भांडायला येत होते. कुणी माळ्यावर पावलं वाजल्याचं लिहिलं की 'उंदीर असतील, पिंजरा लावा' असं उत्तर देणारी ती मीच. त्यावर तुम्ही मला काय काय बोललात तेही लक्षात आहे. आज माझी पाळी आहे, हवा तेवढा सूड उगवून घ्या... फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुम्हाला खरंच काहीतरी विचारायचंय.

मी मोटार इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये काम करते, ऑफिस ठाण्याला, पण आत्तापर्यंत बहुतेक काम घरूनच. ठोकलेल्या गाडीबद्दल लोक काय काय कहाण्या रचतात आणि त्यात खोटं कुठे आहे, हे शोधायचा मला पगार मिळतो. घरही तसलंच. आमचं बौद्ध कुटुंब, आणि सासूबाईंनी बावीस प्रतिज्ञा नुसत्या म्हटलेल्या नाहीत, पाळल्यात. आमच्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलेलं. भूत, छाया, करणी हे शब्द आमच्याकडे फक्त टीव्हीवर ऐकू येतात, आणि तेव्हाही त्या चॅनल बदलतात.

राहायला डोंबिवली वेस्टला, कोपर स्टेशनच्या बाजूला. घरात तिघंच — मी, नवरा मिलिंद आणि आई, म्हणजे सासूबाई. मिलिंदचा लग्नाच्या डेकोरेशनचा धंदा आहे. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला की परदेशात जुन्या आलिशान गाड्या मधून कापून त्यांचे पिकअप करतात. पुढून बघाल तर शेठची गाडी, मागे मालाचा हौदा. झालं, डोक्यात किडा शिरला. नवरा-नवरी फुलांनी सजवलेल्या हौद्यात उभे राहणार, प्री-वेडिंग शूटवाले रांग लावणार, वगैरे.

गाडी मिळाली ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सोसायटीत. जुनी जर्मन गाडी, गोल दिवे, लांबलचक नाक, आत खऱ्या लाकडाची पट्टी. मालक कधीच वारलेले, मुलाला पार्किंग रिकामं हवं होतं. मागची बाजू सगळी सडलेली. डिकीत हात घातला तर पत्रा पापडासारखा तुटून हातात यायचा.

"मागचं गेलंय ना, मग मागचं कापू," मिलिंद म्हणाला. "पुढचा भाग अजून राजा आहे."

मानपाड्याला भोईर मिस्त्रींच्या शेडमध्ये ती कापली. मी बघायला गेलेले. ग्राइंडर छताला लागला तेव्हा मला उगीचच वाईट वाटलं, पण दाखवलं नाही. पुढच्या दोन सीटच्या मागे छत कापलं, तिथे काचेची भिंत उभी केली, खाली अँगल टाकले आणि मागे लोखंडी हौदा बसवला. आरटीओचं काय केलं हा वेगळा विषय आहे, त्यावरून कमेंटमध्ये भांडू नका. आमच्या ऑफिसात असल्या गाडीचा क्लेम आला असता तर मी स्वतःच उडवला असता, हे मी मिलिंदला तेव्हाच सुनावलेलं.

मागची सीट तेवढी धड निघाली. तपकिरी चामडं, मध्ये हात टेकायला खाली ओढायचा तक्क्या. मिलिंदला ती टाकवेना. भोईरांनी तिला लोखंडी पाय लावून दिले आणि ती आमच्या हॉलमध्ये खिडकीखाली सोफा म्हणून आली. आईंनी लगेच त्यावर कब्जा केला. दुपारची भाजी निवडणं, पेपर, डुलकी, सगळं त्याच्यावर.

आणि थोड्याच दिवसांत आईंना गाडी लागायला लागली.

हो, सोफ्यावर बसून. मळमळायचं, गरगरायचं, तोंडाला पाणी सुटायचं. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. त्यांचा उपयोग होईना. गंमत अशी की मिलिंद घरी असला की आई त्याच सीटवर ठणठणीत. तो ती गाडी घेऊन बाहेर पडला की यांचं सुरू. पदरात आवळा सुपारी बांधून बसायच्या बिचाऱ्या.

एकदा मी टेबलावर लॅपटॉप घेऊन काम करत होते, तर त्या डोळे मिटून म्हणाल्या, "पुलावर चढला बघ. आता उतरला. येईलच." मिलिंद खरोखर दारात आला. तो खो-खो हसला. "आई, उद्यापासून मीटर टाकूया का? सीट-भाडं तरी सुटेल." मीही हसले. रोजचा रस्ता, रोजची वेळ, अंदाज बरोबर येणारच, असं मी दोघांना समजावून सांगितलं. तो गाडी घेऊन बाहेर असताना मी स्वतः एकदा बसूनही बघितलेलं. काही झालं नाही. पण खरं सांगायचं तर मी बसले ती उठायच्या तयारीनेच बसले होते.

आता त्या दिवसाचं.

मिलिंदला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो. कधीकधी साखर एकदम खाली जाते, तेव्हा त्याला घाम फुटतो, जीभ जड होते, आणि लगेच गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते. म्हणून ग्लुकोजची पावडर आणि बिस्किटं असलेली एक बॅग कायम त्याच्यासोबत असते. आधीच्या गाडीत ती मागच्या सीटवर असायची, चालवता चालवता हात मागे केला की मिळायची. या गाडीत मागची सीटच नव्हती. बॅग हौद्यात जायची, काचेच्या भिंतीपलीकडे. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे अपघात तपासणाऱ्या माझ्यासुद्धा.

मे महिना होता. तो सकाळी खोणीच्या बाजूला एका जोडप्याच्या शूटला गेला. दुपारी जेवायला येणार होता. आला नाही. फोन बंद. मी त्या जोडप्याला फोन लावला, तर म्हणाले, "सर तर केव्हाच निघाले. काही खाल्लं नाही, घरी जाऊन जेवतो म्हणाले."

सकाळचं इन्सुलिन घेतलेलं, आणि पोटात काही नाही.

पोलिसांना फोन केला. त्यांनी गाडीचं वर्णन नीट लिहून घेतलं, गस्तीच्या गाडीला सांगतो म्हणाले. पण खोणीपासून कोपरपर्यंत केवढा रस्ता, किती फाटे. तो कुठल्या फाट्याला, कुठल्या झाडाखाली पडला असेल? मी चप्पल घालायचे आणि परत काढायचे. बाहेर पडून जाऊ कुठे तेच कळत नव्हतं. आई त्या दिवशी कळव्याला नणंदेकडे गेलेल्या. त्यांना फोन करून कळवलं.

त्या म्हणाल्या, "वैशाली, सीटवर बस."

"आई, प्लीज. ही वेळ आहे का?"

"मला तुझं तत्त्वज्ञान नको सांगूस. माझं पोर आहे ते. मी तिथे नाही, म्हणून तुला सांगतेय. बस आणि डोळे मीट."

त्यांनी या जन्मात मला असं काही करायला सांगितलेलं नव्हतं. मी बसले. फोन कानाला, डोळे मिटलेले, आणि मनात स्वतःचीच लाज.

काही नाही. नुसती सीट. मला रडू फुटलं. रडता रडता मी पार सैल पडले, उठायची तयारी गेली... आणि जाणवलं की मी डावीकडे घसरतेय. डोळे उघडले तर सीट सरळ. मिटले की पुन्हा तेच — डावा पाय खाली जातोय, अंग पुढे कलतंय. गाडीचं डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागे बसलेल्या माणसाला वाटतं अगदी तसं. आणि खालून बारीक धडधड येत होती.

"आई, इंजिन चालू आहे," मी म्हणाले. "गाडी उभी आहे, डावीकडे कललीय, पण इंजिन चालू आहे."

"अजून?"

मग सगळी सीट हादरली. हादरा बराच वेळ चालला आणि हळूहळू गेला. मालगाडी. आम्ही रुळांजवळ राहतो, हा हादरा मला पाठ आहे. पण आमच्या खिडकीची काच वाजली नव्हती आणि टेबलावरचं पाणी हललं नव्हतं.

भोईर मिस्त्री मानपाड्याला, म्हणजे त्या बाजूला सगळ्यात जवळ. त्यांना फोन लावला. "खोणीहून येताना रुळांना लागून कच्चा रस्ता कुठे आहे? डाव्या हाताला खड्डा किंवा नाला असेल असा?"

"निळज्याला हाय ना, पुलाखाली. नाला हाय डावीकरं. काय झालं, वहिनी?"

"मिलिंद तिथे आहे. साखर उतरलीय. टपरीवरून गोड कोल्ड्रिंक घ्या आणि पळा."

"तुमाला कोनी सांगितला?"

"भोईर, पळा."

ते स्कूटरवर निघाले. आणि मी सीटवर. उठायची हिंमत होईना, कारण आता खालची धडधड मंद होत होती. मध्येच एखादा ठोका चुकायचा, मग घाईने दोन यायचे, मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मला वाटलं, इंजिन बंद पडतंय. इंजिन बंद पडलं तर काय बिघडतं, पण त्या क्षणी मला वाटलं की हे थांबलं तर सगळंच संपलं. मी सीटवर मुठी आपटायला लागले. पायांनी लाथा मारल्या. "मिलिंद ऊठ. ऊठ रे. झोपू नकोस." खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन दार वाजवून गेले, मी उघडलं नाही. किती वेळ मारत होते माहीत नाही, हाताची सालं निघाली. धडधड जरा सावरली.

तेवढ्यात भोईरांचा फोन. "सापरला, वहिनी. डोले उघरे हायत. पितोय घोट घोट."

मी फोन धरून जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखी मोठ्याने रडले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मिलिंद धड बोलायला लागला. चक्कर यायला लागली म्हणून सावली बघून पुलाखाली वळला, तिथे चाक नाल्याच्या कडेला घसरलं. बॅग मागे, आणि उतरायचं त्राण नाही. "डोळे मिटतच होते," तो म्हणाला. "पण तू झोपू देशील तर ना. मागून सीटला लाथांवर लाथा. किती मारतेस गं?"

आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्या गाडीत मागे बसायला जागाच नाही.

भोईर तिथेच उभे होते. मी त्यांना विचारलं, "तुम्ही पोचलात तेव्हा इंजिन चालू होतं ना?" ते म्हणाले, नाही. चावी मिलिंदच्या शर्टाच्या खिशात होती. बोनेटला हात लावून बघितलेला, गाडी बंद होऊन बराच वेळ झालेला.

मग माझ्या खाली काय चालू होतं?

मी क्लेम तपासणारी बाई, मी ते तपासलं. मिलिंद घरी आल्यावर सीट गप्प होती. तो पहिल्यांदा खाली बाजारात गेला तेव्हा मी सीटवर बसून त्याला फोन केला. "नाडीवर बोट ठेव आणि मोठ्याने मोज." तो हसला, पण मोजायला लागला. एक, दोन, तीन... माझ्या खाली प्रत्येक आकड्याला ठोका पडत होता. मी फोन कट केला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

गाडी आम्ही भंगारात काढली. वाटलं, तिच्याबरोबर हेही जाईल. आईंची मळमळ गेली. सीटवर पुन्हा निवांत भाजी निवडतात, त्यांना काही जाणवत नाही. मला मात्र तो घराबाहेर पडला की खाली धडधड आहेच, तो बाईकवर असो की टेम्पोत.

तुम्हाला वाटेल, किती छान, नवऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. छान नाहीये. तो बाहेर गेला की मी सीटवरून उठू शकत नाही. जेवण तिथेच, लॅपटॉप तिथेच. आई ताट आणून देतात आणि म्हणतात, "ऊठ गं, माणसं अशी धरून ठेवता येत नाहीत." मिलिंदने एकदा सीट न्यायला भंगारवाल्याला बोलावलं, तर मी दारात आडवी उभी राहिले. तो चिडला नाही. त्याच्या डोळ्यांत तेव्हा माझीच काळजी होती, ते मला जास्त लागलं. कारण एक दिवस हे थांबणार आहे हे मला कळतं. तो कुठेतरी लांब असेल, आणि इथे हॉलमध्ये मला सगळ्यांच्या आधी कळेल, आणि त्या वेळी कदाचित मुठी आपटून उपयोग होणार नाही.

डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या. दोघंही चांगली माणसं, दोघांनीही भीतीमुळे असं होतं असं सांगितलं. असेल. मग निळज्याचा नाला मला कोणी सांगितला?

आमचं घरून काम बंद झालंय. सोमवारपासून रोज ठाण्याला जायचं, उरलेल्या रजाही संपल्या. म्हणून लिहितेय. तुमच्यापैकी कुणाच्या बाबतीत असं काही झालं असेल, तर ते कसं सोडायचं ते सांगा. खरं की खोटं यावर या वेळी मी भांडणार नाही.

हे सगळं सीटवर बसूनच टाइप केलंय. मिलिंद आज कल्याणला एका हॉलच्या सजावटीला गेलाय. मघाशी ठोके जरा जोरात झालेले, जिना चढला असेल. आता परत नेहमीसारखे पडतायत.