चादरींच्या खोलीतला धडा

नर्सिंग कॉलेजात तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे तोफ. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वॉर्डाच्या एका टोकाला उभी राहून ती दुसऱ्या टोकाच्या पोरीला झापायला लागली की बेशुद्ध पेशंटसुद्धा डोळे उघडतो, असं मुली म्हणत. तिच्या डाव्या भुवईतून एक पांढरी खूण गेली होती. ती एका दारुड्याने फेकून मारलेल्या बाटलीची. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. ती एका बाळंतिणीने कळांच्या भरात चावून मोडली होती. निम्मा जन्म हॉस्पिटलात गेलेल्या बाईच्या अंगावर असल्या खुणा असायच्याच, त्यात मिरवण्यासारखं काही नाही असं ती म्हणे, आणि मग सगळ्या खुणा एकेक करून दाखवत बसे.

मार तिला नवा नव्हता. बाप वेल्डर होता आणि घरी यायचा तो हात शिवशिवतच. पाण्याचा पेला आणायला उशीर झाला म्हणून त्याने थोरल्या भावाचे पुढचे दात एका तडाख्यात पाडले होते. आईला मारताना तो दमायचा, जरा बसायचा, घाम पुसायचा आणि परत उठायचा. शेवटी एका संध्याकाळी शाळकरी तोफेने लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. हे ती कुणापासून लपवत नसे. बाप पुढे जन्मभर लंगडला आणि त्याचा हातही थांबला. अशा घरात वाढलेलं माणूस काय काय शिकतं ते त्याचं त्यालाही कळत नाही. डोकं विसरून जातं, पण पाठ आणि पाय विसरत नाहीत.

म्हणूनच असेल, तिचा सगळ्यात गाजलेला धडा पुस्तकातला नव्हताच. पेशंट दगावला आणि नातेवाईक अंगावर आले तर काय करायचं, हा तो धडा. प्रात्यक्षिकाच्या खोलीत ती स्वतः नातेवाईक व्हायची. खुर्च्या लाथाडायची, शिव्या द्यायची, सलाईनचा स्टँड उगारायची. पहिल्या वर्षाच्या मुली खरोखरच्या रडायच्या. मग ती नर्स होऊन तोच प्रसंग निभावून दाखवायची. आवाज खाली आणायचा. दोन्ही हात समोरच्याला दिसू द्यायचे. जवळ जाऊन काका, दादा, ताई अशी हाक मारायची. जमलं तर त्याला खाली बसवायचं, कारण बसलेल्या माणसाला मारणं अवघड जातं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींची ड्युटी वेगवेगळ्या वॉर्डांत लागू लागली आणि सगळ्या एकत्र वर्गात सापडेनाशा झाल्या, तेव्हा तोफेने पॉडकास्ट सुरू केला. कॉलेजने एक माइक घेऊन दिला. जागा तिने स्वतः शोधली. धुऊन आलेल्या चादरी ठेवायची खोली. चारी भिंतींना छतापर्यंत चादरींच्या थप्प्या, त्यामुळे आवाज घुमत नसे. बसून शिकवणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून माइक उंच कपाटावर ठेवून ती उभ्याउभ्याच बोले. आवाज बदलून दारुडा व्हायची, म्हातारी व्हायची. मुली बसमध्ये ऐकत, कपडे धुताना ऐकत. दुसऱ्या कॉलेजांतल्या पोरीही ऐकायला लागल्या. प्राचार्यांनी एका सभेत तिचं भरभरून कौतुक केलं आणि ती फुगली. का फुगू नये? तिचं चुकलं ते फुगण्यात नाही.

सगळ्यात मन लावून ऐकायची ती मुंगी. चणीने लहान, सतत कामात, म्हणून हे नाव. दुसऱ्या कॉलेजातून ती थेट तिसऱ्या वर्षाला आली होती, त्यामुळे तोफेचा गाजलेला धडा तिने वर्गात कधी पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. सलाईनची सुई तिने टोचली तर पेशंटला कळतसुद्धा नसे. ही पोरगी आपल्या पुढे जाणार, असं तोफ स्टाफरूममध्ये उघड बोलून दाखवायची. स्वतःच्या मुलीबद्दल ती इतकं कधी बोलली नव्हती.

त्या दुपारी मुंगीने पॉडकास्टमधला नातेवाइकांच्या धड्याचा भाग पुन्हा ऐकला. संध्याकाळी वॉर्डाला लागून असलेल्या छोट्या खोलीतला म्हातारा गेला. मोठ्या सिस्टर डॉक्टरांना बोलवायला खाली गेल्या होत्या. आत म्हाताऱ्याचा मुलगा आणि दोन पुतणे होते. मुलाने आधी औषधांचं टेबल उलटं केलं, मग खिडकीची काच हाताने फोडली. मुंगी आत गेली. आवाज खाली आणला, हात दिसू दिले, दादा म्हणाली. तो ढसाढसा रडायला लागला. त्याला बसवायला स्टूल हवं होतं आणि स्टूल पलंगाच्या पलीकडे भिंतीशी होतं. मुंगी पलीकडे गेली. आता दार तिघांच्या मागे राहिलं, आणि एका पुतण्याने त्याला आतून कडी घातली.

नंतर वॉर्डातल्या पेशंटांनी सांगितलं की ती बराच वेळ ओरडलीच नाही. खालच्या आवाजात दादा, दादा म्हणत राहिली. पहिला फटका सलाईनच्या स्टँडचा बसला, तो खांद्यावर. दुसरा कानावर. मग ती खाली पडली आणि तिघांनी तिला लाथांनी तुडवली, पोटात, पाठीत, तोंडावर. भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं. वॉर्डबॉयने आणि पहारेकऱ्याने धडका देऊन दार तोडलं तेव्हा म्हाताऱ्याचा मुलगा रक्ताळलेल्या हातांनी बापाचं पांघरूण सरळ करत होता.

मुंगी वाचली. जबडा तारांनी बांधला, खांद्याजवळचं हाड पट्टीत आवळलं. डाव्या कानाचा पडदा गेला तो गेलाच. तोफ रोज जायची. एका सकाळी मुंगीने तिला वाकायची खूण केली. तारांमधून शब्द चिरडून येत होते.

"मॅडम, मी सगळं केलं. तुम्ही सांगितलं तसंच, त्याच क्रमाने केलं. मग माझं काय चुकलं?"

तोफ तडक चादरींच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि आपलाच भाग लावून ऐकू लागली. एकदा ऐकला, काही सापडलं नाही. सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्यांदा ऐकताना ती सवयीने माइकसमोर उभी राहिली आणि कमरेत काहीतरी रुतलं. ती दाराची कडी होती. माइकसमोर ती नेहमी दाराला पाठ लावूनच उभी राहात आली होती. वर्गातही तिची पाठ कायम दाराकडे असायची. समोर कितीही मोठा दांडगा असो, तिच्या आणि दाराच्या मध्ये कधी कुणी आलं नव्हतं. त्या घरातून पाठीने शिकून आणलेली ही गोष्ट होती आणि ती सांगायची असते हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वर्गात मुलींना ते आपोआप दिसायचं. माइकला काय दिसणार? तिने थप्पीवरची चादर ओढली, तोंडात कोंबली आणि त्यात किंचाळली.

चौकशी समितीपुढे मुंगीनेच आपली घाई झाली असं कबूल केल्याचं प्राचार्यांनी सांगितलं. एवढ्यावर निभावतंय, तो भाग गुपचूप काढून टाका, पोरीची चूक म्हणून प्रकरण मिटेल, असंही ते हळू आवाजात म्हणाले. तोफ समितीपुढे गेली आणि त्या पोरीला मी मारलं असं म्हणाली. समितीतला एक डॉक्टर हसला. तिने टेबलावर मूठ आपटली तेव्हा त्याचा चहा सांडला, आणि मग तिने सगळं नीट सांगितलं. कागदावर त्यांनी 'शिकवणीतली त्रुटी' असं लिहिलं. तिला तो शब्द फार मिळमिळीत वाटला. त्याच दिवशी तिने नवा भाग केला, त्यात आपलं काय सांगायचं राहिलं आणि त्यापायी कुणाचं काय मोडलं हे न लपवता सांगितलं. तिला झोप लागावी असं मात्र त्याने काही झालं नाही.

तिला एकच हवं होतं, मुंगी परत यायला हवी होती. पोरीसाठी हवी होती हे खरं, पण स्वतःसाठीही हवी होती. ती परत उभी राहिली असती तर तोफेच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. ती मुंगीच्या घरी जाऊन बसली. मुंगीच्या आईने पाणी दिलं आणि पोर तुमच्या हातात दिली होती, एवढंच बोलून आत गेली. मुंगी मात्र यायला तयार झाली.

ती आली तेव्हा प्रात्यक्षिकाच्या खोलीत नातेवाइकांचाच धडा चालू होता. तोफ म्हणाली, तू बस, नुसतं बघ. मुंगीने नकारार्थी मान हलवली.

"मीच करते. आणि मॅडम, मला सवलत नको."

म्हणून तोफेने सवलत दिली नाही. खुर्ची भिंतीवर फेकली, शिव्या दिल्या, अंगावर धावून गेली. मुंगी दाराला पाठ करून उभी होती. हात दिसत होते, आवाज खाली होता. काका, म्हणाली. तोफेने नेहमीप्रमाणे हात उगारला.

मुंगीने बाजूचा स्टीलचा ट्रे उचलला आणि कडेने तिच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडल्याचं साऱ्या खोलीने ऐकलं. तोफ गुडघ्यांवर आली. मुंगीने परत घातला, कपाळावर, आणि परत. तिचे डोळे तोफेकडे नव्हतेच, त्या बंद खोलीत होते. मुली किंचाळत भिंतीला चिकटल्या. ट्रे हातातून पडला तेव्हा कुठे मुंगीला समोरचं माणूस दिसलं. ती खाली बसली, खिशातली गॉजची पट्टी काढली आणि तोफेच्या नाकाकडे हात नेला. तोफेने तो झटकून टाकला. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत वाहत होतं.

"आधी बाहेर. समोरचा पडला की बाहेर पडायचं. सॉरी म्हणायलाही थांबायचं नाही. जा, बाळा."

मुंगी उठली आणि गेली. व्हरांड्यातून, जिन्यावरून, फाटकातून गेली. तोफ जमिनीवर बसून राहिली. आता येईल, धापा टाकत येईल, म्हणून तिने कुणालाही दार लावू दिलं नाही. तिचा ऊर पोरीच्या अभिमानाने भरला होता आणि आपण हिला कायमची घालवली हेही तिला आतून कळत होतं.

कुणीतरी तिचा फोन तिच्या हातात दिला. मुंगीने आवाजातला निरोप पाठवला होता. मागे रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर होती.

"मॅडम, मी बाहेर आहे. आता आत येणार नाही, नर्सिंग सोडतेय. तुम्ही खुर्चीत बसा. पाठ टेकू नका, मान मागे टाकू नका. पुढे वाका. नाक हाडाच्या खाली, मऊ भागावर दाबून धरा आणि तोंडाने श्वास घ्या. रक्त गिळू नका, थुंकून टाका. शेजारी कोणालातरी बसवून ठेवा, एकट्या राहू नका."

तोफेने निरोप शेवटपर्यंत ऐकला. काही राहिलंय का ते सवयीने शोधलं. काहीही राहिलं नव्हतं. मग ती खुर्चीत बसली, एका पोरीला शेजारी बसवलं, नाक दाबून पुढे वाकली आणि तशीच वाकून सगळ्या वर्गासमोर हुंदके देऊन रडली.