बाहेरची कडी

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात हळद साठवायच्या पेवांमागं आमची बौद्धवस्ती. तिथं बायकांसाठी संडास बांधले गेले. त्यासाठी मी पत्रकं वाटली होती, म्हणून माझी मान ताठ होती. पण दारांना कड्या बसवल्या त्या बाहेरून. आतून काही नाही. का? तर वाऱ्यानं दारं आपटून मोडू नयेत! काळजी दारांची होती, बायकांची नव्हती.

मग बायका जोडीनं जायच्या. एक आत, दुसरी दार धरून बाहेर. एका संध्याकाळी माझी धाकटी बहीण एकटीच गेली. दारूच्या अड्ड्यावरच्या टोळक्यानं बाहेरून कडी घातली आणि ते हसत उभे राहिले. आत्या ओरडत धावली तेव्हा पांगले. त्या दिवसापासून बहिणीनं दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं, संध्याकाळी जावं लागू नये म्हणून. ऐन उन्हाळ्यात ओठ फुटले, लघवीला जळजळ सुरू झाली. आई तांब्या पुढं करी, ती तोंड फिरवी.

चौकीवर गेलो. जमादार म्हणाला, "पोरीला एकटं सोडताच कशाला?"

पुढं तालुक्याचे साहेब संडासांच्या पाहणीला आले. भाषण झालं, विकास झाला म्हणून टाळ्या मागितल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्या पुढं सरली.

"आवं सायेब, जरा आत जाऊन दार लावून दावा की."

"मी?"

"व्हय, तुमीच. आमाला काय जमंना बघा."

लोक हसले. साहेबही हसत आत गेले, दार ओढून घेतलं. आत्यानं बाहेरून कडी घातली.

दार धडधडलं. "अहो, उघडा! हा काय प्रकार?"

"उघडती की. भ्यालासा व्हय? दिसाउजेडी, एवढी मानसं असताना?"

साहेब लालबुंद होऊन बाहेर आले. शिपाई आत्यावर धावला, मी आडवा झालो. साहेबांनी मिस्त्रीला फर्मावलं, "आतून कड्या बसव. आजच." आणि जीपमध्ये बसले.

मिस्त्रीनं बसवल्या. बाहेरच्या मात्र तशाच ठेवल्या. त्या काढायचा हुकूम नव्हता म्हणे. आत्यानं घरातनं वरवंटा आणला आणि ठोकायला लागली.

मिस्त्री ओरडला, "अगं बाई, सरकारी माल हाय त्यो!"

"आन् आमची पोर कुनाची रं?"

उरलेल्या मी उखडल्या.

त्या संध्याकाळी बहिणीनं तांब्या तोंडाला लावला. घोट घोट, थांबत. मग उठली, आणि दारातूनच हाक मारली, "आत्ये, चल की गं. बाहेर उभी ऱ्हा."