जहाजावरची भरती

मी माहेरी जाते तेव्हा दादा तांब्याला मोबाईल टेकवून जेवत असतो. समोर जपानी कार्टूनमधले समुद्री चाचे. हजारावर भाग झाले, खजिन्याचा पत्ता नाही. पन्नाशीला आलेला माणूस यात काय बघतो, ते मला परवा कळलं. त्या पोरसवदा कप्तानाला वाटेत कोणीही भेटो, चोर, रडका, घरातून हाकललेला, तो आपला म्हणतो, "चल, ये माझ्या जहाजावर." दाखला नको, अनुभव नको.

दुसरी नोकरी सुटल्यापासून दादा अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करतो. आम्ही लोकांना सांगतो, "तो काही करत नाही, घरीच असतो."

माझ्या जिभेला हाड नाहीच. म्हटलं, "दादा, तुला घेतलं असतं का रे त्या जहाजावर? तुला येतं तरी काय?"

त्याने बोटाने पडदा दाबला. सगळे चाचे हसता हसता जागच्या जागी थांबले.

"तिथे विचारत नाहीत," तो म्हणाला.

तेवढ्यात आतून आईने हाक मारली, माझ्या नावाने.

जेवण टाकून तोच उठला.