राबाचा धूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विष्णूला ओळखत नाही, म्हणून असेल.

विष्णू खालापूरचा, मी कडावचा. मुंबईत आम्ही एकत्र विमान चालवायला शिकत होतो. उडण्याआधी तो विमानाची एकेक तार हाताने ओढून बघायचा. आम्ही त्याला ‘विष्णूकाकू’ म्हणायचो आणि तो हसायचा. फार गोड हसतो, अजूनही. मी उलटा — आधी उडी, मग विचार. शिकवणारे साहेब माझ्यावर खूश! परवाना मला आधी मिळाला, आणि मी विष्णूला पुढच्या जागेवर बसवून फिरवायला नेलं; चालवणारा मी, मागच्या जागेवर.

खाली कडाव दिसलं आणि मला राहवेना. आत्याच्या खळ्यासमोर, गावादेखत विमान उभं करायचं — एवढंच डोक्यात. शिमगा झालेला, शेतांत पेरणीच्या जागा भाजत होते, राबाचा धूर उठत होता. त्या धुरावरून वारा ओळखतच मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा दिसला नाही का? दिसला. पण नियमाप्रमाणे वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, तर विमान खळ्यापासून लांब थांबलं असतं.

बोलायच्या नळीतून विष्णू म्हणाला, “धूर बघ रं, वारा मागनं हाय. वर घे.”

मी हसलो. मागून वारा, विमान थांबेचना — बांधावर आदळलं. मला खरचटलंसुद्धा नाही. विष्णूच्या डोक्याला मार बसला, त्याला त्या दिवसातलं काही आठवेना.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी — कसं सांगू — मी म्हणालो, विष्णू घाबरला, त्याने त्याच्या जागेवरचा दांडा ओढला — शिकायच्या विमानात चालवायचा दांडा दोन्ही जागांवर असतो. सगळ्यांना पटलं. काकूच तो! त्याचं शिक्षण तिथेच संपलं. आणि त्यालाही पटलं हो. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, “माझ्यापायी तुझा जीव गेला असता रं. माफ कर.”

मी म्हणालो, केलं माफ.

आता तो खालापुरात दुकान चालवतो. मी येणार म्हटलं की कर्जत स्टेशनावर बैलगाडी घेऊन हजर. गाडी गडी हाकतो, विष्णू कधीच नाही. गडी बाजारात उतरला की कासरा माझ्याकडे सरकवतो. “तू हाक रं. माझ्या हाताचा भरवसा नाय.”

इतका जपून वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा जीव आहे त्याच्यावर. आणि दर खेपेला मी कासरा घेतो.