नळीच्या तोंडाशी हळद

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावातलं एक प्रकरण मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही, आणि मला ते विसरायचंही नाही. नोकरीत माणसांचा राग यावा असे प्रसंग पुष्कळ आले, मनापासून कुणाचे आभार मानावेत असे थोडे. हा त्या थोड्यांतला.

मी पुण्याहून पर्थला शिकायला आलो. शिकलो एक आणि फिरत फिरत भरती झालो पोलिसात. आई शेवटपर्यंत नातेवाइकांना 'सरकारी नोकरी' एवढंच सांगायची. निवृत्तीआधीची वर्षं सोन्याच्या खाणींच्या त्या गावात गेली. ठाण्यावरचं रोजचं काम म्हणजे हाणामाऱ्या, दारू पिऊन गाडी चालवणारे, आणि खाणीतून गायब होणारी अवजारं. गोळीबार म्हणाल तर क्वचित.

त्या दिवशी भर दुपारी, गावाच्या कडेला झुडपात कॅरव्हॅन लावून राहणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मांडीत गोळी घुसली. हा सोन्याचे खडे शोधत हिंडणारा निरुपद्रवी माणूस, खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. जीव वाचला, पण पाय जातो की राहतो अशी अवस्था होती. गोळी हाडावर आपटून तिचे इतके तुकडे झाले की ती कुठल्या रायफलीची, हे त्यावरून ठरवणं शक्य नव्हतं. गोळीवर तांब्याचं वेष्टण होतं, एवढंच डॉक्टरांनी काढलेल्या तुकड्यांवरून कळलं.

संध्याकाळी रेडिओवर आवाहन केलं आणि लगेच खबर आली. त्या झुडपाला लागून असलेल्या वस्तीतल्या एका आजीबाईंनी फोन केला होता. शेजारच्या गॅरेजमध्ये तो तरुण इंडियन इंजिनियर दुपारी घाईघाईने रायफल पुसत होता, असं त्यांनी कुंपणावरून पाहिलं होतं. बाई खोटं बोलत नव्हत्या, आणि मीठमसालाही लावत नव्हत्या. असा साक्षीदार मिळायला नशीब लागतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोळी झाडली की नळीत दारूची काजळी बसते आणि तांब्याचं कीट धरतं. ते काढायचं तर सळईला कापडाचा तुकडा लावून, कीट विरघळवणारं औषध घालून नळी घासत बसावं लागतं. म्हणून गोळीबार झाला त्याच दिवशी लखलखीत नळी सापडली, तर पोलिसाच्या डोक्यात पहिला विचार एकच येतो.

आम्ही झडतीला गेलो. माझा सार्जंट, एक डिटेक्टिव्ह आणि मी. दार उघडलं ते आमच्याच मुलखातल्या माणसाने. तिशीतला, पुण्याकडचा, खाणीत इंजिनियर, गावातल्या नेमबाजीच्या क्लबचा सभासद. परवाना होता, रायफल पोलादी कपाटात कुलपात होती. बाहेर काढली तर तेलाचा वास, आणि नळी आरशासारखी.

"आज का साफ केलीस?" डिटेक्टिव्हने विचारलं.

"असंच."

"कपाटातून शेवटची कधी काढली होतीस?"

"बरेच दिवस काढलेली नाही."

आज साफ केली आणि बरेच दिवस काढली नाही, हे एका दमात! खोटं बोलण्यात हा प्राणी अगदीच कच्चा होता. डिटेक्टिव्हने माझ्याकडे पाहिलं, मी मात्र रायफलीच्या लाकडी दस्त्याकडे पाहत होतो. तिथल्या स्क्रूच्या खाचेत पिवळं काहीतरी अडकलं होतं. मग नजर खुंटीवर गेली. तिथे त्याचं खाणीतलं हेल्मेट होतं, आणि हेल्मेटच्या कपाळावर हळदकुंकवाची दोन ठसठशीत बोटं. घरात उदबत्तीचा वास. त्या दिवशी खंडेनवमी होती आणि शिफ्टच्या धबडग्यात ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पठ्ठ्याने घाईत रायफल पुसली होती आणि हेल्मेट विसरला होता.

बाहेर येऊन मी सार्जंटला सगळं सांगितलं. आमच्यात आजच्या दिवशी हत्यारं, अवजारं स्वच्छ करून पुजतात, साफसफाईचं कारण ते असू शकतं.

"तू ओळखतोस यांना?"

"नाही. पण ते पिवळं काय आहे ते ओळखतो."

"मग तू या चौकशीत नाहीस, मेट. पाहिलंस ते लिहून दे आणि काउंटर सांभाळ."

मला राग आला. त्या खोलीत एकट्या मला कळत होतं, आणि नेमका मीच बाहेर! पण सार्जंटचं बरोबर होतं. मी आत बसलो असतो तर पुढे कोर्टात कोणीही म्हणालं असतं, गाववाल्याने गाववाल्याला सोडवलं. त्याने माझं निवेदन वाचलं, सही केली आणि डिटेक्टिव्हच्या हातात दिलं. रायफल फोटो काढून, पिशवीत सीलबंद होऊन पर्थच्या प्रयोगशाळेत गेली. इथे पंच बोलावत नाहीत, पण पंचनाम्याची शिस्त तीच.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यावर आली. छातीवरच्या पट्टीवर माझं आडनाव वाचलं आणि तिचा बांधच फुटला.

"काका, तुम्ही मराठी आहात ना? प्लीज सांगा ना त्यांना. त्याने काही केलेलं नाहीये."

"मी या तपासात नाही. तुमच्या वकिलाला खरं ते सगळं सांगा, मी एवढंच म्हणू शकतो."

"सगळं सांगितलं तर आमची पीआर जाईल! सकाळपासून रायफल देवापुढे होती, कपाटाबाहेर. ते इल्लीगल आहे ना? आणि त्याचा बॉस यायचा होता घरी. बंदुकीला कुंकू लावलेलं बघून तो काय म्हणेल, म्हणून हा गॅरेजमध्ये जाऊन पुसत बसला."

"हे मला नका सांगू. मला हे आता सार्जंटला कळवावं लागेल. वकिलाकडे जा. आत्ताच जा."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वाटलं, मी परका असतो तर बरं झालं असतं. किरकोळ गुन्हा कबूल केला तर पीआरची, म्हणजे या देशात कायम राहण्याच्या परवानगीची, आशा संपते, आणि लपवला तर माणूस तुरुंगात जातो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. पोटच्या पोरीसारखी ती, आणि मी तिला पाण्याचा पेला देण्यापलीकडे काही करू शकलो नाही. तिने मात्र ऐकलं. दोघं वकिलाला घेऊन आली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सकाळी सासूबाईंना पाठवलेला पूजेचा फोटोही दाखवला. पाटावर रायफल, लॅपटॉप, हेल्मेट, गाडीची किल्ली. रायफलीला दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत हळदकुंकू, वर अक्षता. फोटो गोळीबाराच्या कितीतरी आधीचा होता.

पण फोटोने सुटका होत नव्हती. डिटेक्टिव्हने रास्त प्रश्न केला की सकाळी पूजा केली, दुपारी गोळी झाडली आणि मग नळी पुन्हा घासली, असं कशावरून नाही?

उत्तर पर्थहून आलं. तिथे हत्यारं तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना ना इंजिनियर माहीत, ना मी, ना खंडेनवमी. माझं निवेदन त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. डिटेक्टिव्हने मुद्दामच पाठवलं नव्हतं, कारण तपासणाऱ्याच्या मनात आधीपासून काही भरवायचं नसतं. नळी इतकी स्वच्छ दिसत असताना सरळ औषध घालून घासली असती, तरी त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. आधी नळीच्या तोंडात भिंगाने पाहिलं, फोटो काढले, मग कोरडं कापड घातलं, आणि सर्वांत शेवटी औषध.

त्यांनी लिहिलं होतं की नळीभर तेलाचा सलग थर आहे, त्यात काजळी नाही. तांबं असतं तर औषधाने कापडावर निळी छटा उतरली असती, ती उतरली नाही. आणि तोंडाशी आतल्या कडेला, त्या तेलावर, पिवळी आणि लाल पूड व तांदळाचा एक कण चिकटलेला आहे. पूड कसली ते माहीत नाही. मात्र ती तिथे बसल्यानंतर या नळीतून गोळी गेलेली नाही, आणि तिच्यात सळईही फिरलेली नाही.

अक्षतेचा दाणा तो! पुसणाऱ्याने दस्ता पुसला, बाहेरून नळी पुसली. आत बघायचं त्याला सुचलं नाही, आणि तेच त्याचं नशीब. फोटोत पूजा सकाळची, नळीत ती पूजा जशीच्या तशी. मी काउंटरवर उभ्या उभ्या अहवालाची बातमी ऐकली आणि लोकांदेखत डोळे पुसले.

पुढे आठवड्याभरात गावातलाच एक माणूस वकिलासह हजर झाला. ससे मारताना सुटलेली गोळी त्याची होती. त्याच्या रायफलीची नळी काजळीने भरलेली होती, त्याने तिला हातसुद्धा लावला नव्हता. म्हाताऱ्याचा पाय वाचला. इंजिनियरने रायफल उघड्यावर ठेवल्याचा गुन्हा कबूल केला, दंड भरला, परवाना गमावला. पीआर लांबली, पण मिळाली.

मिळाली त्या दिवशी दोघं पेढे घेऊन आली. एव्हाना मी निवृत्त झालो होतो, म्हणून घरात घेता आलं. त्याची बायको म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून."

मी तिला स्पष्ट सांगितलं की हे आभार चुकीच्या पत्त्यावर आलेत. मला बाहेर काढणारा सार्जंट, माझं निवेदन अडवून ठेवणारा डिटेक्टिव्ह आणि पर्थच्या त्या बाई, यांचे मी स्वतःच अजून मानतो आहे. माणूस गुन्ह्यापायी लपवतो त्याहून जास्त लाजेपायी लपवतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आणि अशा माणसाला वाचवायला त्याच्या भाषेचा कोणी लागतोच असं नाही. दिसलं ते जसंच्या तसं लिहिणारा कोणी लागतो.

इंजिनियरने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, त्या बाईंना हळद म्हणजे काय ते ठाऊकसुद्धा नव्हतं, तरी त्यांनी ती जपली. आणि मी ती पुसत होतो."