ज्याच्या सिनेमात आई मरत नसे

त्या काळी नागपुरात पडद्यावरच्या जेवढ्या आया मरणाच्या दारातून परत आल्या, त्या सगळ्या एकाच माणसाने परत आणल्या. हा माझ्या मोठ्या भावाचा वर्गमित्र, इतवारीकडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर. कौटुंबिक चित्रपटातली आई पहिल्यांदा खोकली की हा सावध होई. दुसऱ्या खोकल्याला भिंगापुढे हात धरी आणि सरळ पुढचे रीळ लावी. भिंतीवर हार घातलेला फोटो आलाच, तर पुन्हा हात. अख्खे थिएटर अर्धा मिनिट त्याच्या पाच बोटांची सावली पाहत बसे. बेसा तेव्हा खेडे होते. तिथून बंडी जुंपून आलेल्या बाया रडायच्या तयारीने पदर सरसावून बसत आणि कोरड्या पदराने घरी जात. एका म्हातारीने तर आई वाचली म्हणून टॉकीजच्या फाटकात साखर वाटली, ती मी स्वतः खाल्ली आहे. मालकाने एकदा खडसावले, तर हा म्हणाला, "मालक, तिकीट काढून आलेल्या माणसाची माय काहून मारायची?" मालकाची आई ऐंशीची होती. नोकरी टिकली.

त्याला कुठे 'स्टोरी' सांगायला बसवले की तीन तासांचा सिनेमा चार तास चाले, कारण व्हायोलिनसुद्धा तो तोंडानेच वाजवी. एकदा न्हाव्याच्या दुकानात त्याने अशी रंगवून सांगितली की न्हाव्याचा वस्तरा हवेत राहिला आणि तीन सरकारी नोकर एका बाजूच्या मिशीनिशी कचेरीत गेले. जे त्याला सरळ बोलता येत नसे, ते तो सिनेमातले म्हणून सांगे. रजा हवी असली तरी मालकाला आधी एका गरीब ऑपरेटरची कथा ऐकावी लागे.

आणि सरळ बोलता न येणारे त्याच्या घरातच होते. पंधरा वर्षांपूर्वी एक टेलर त्याच्याकडे भाडेकरू म्हणून आला, तो राहिलाच. दोघांचा एकमेकांवर जीव होता. नवराबायकोसारखा तो संसार होता, फक्त भांडणे कमी. गल्लीला हे ठाऊक होते आणि गल्ली त्याच टेलरकडून ब्लाउज शिवून घेत होती. प्रश्न होता तो त्याच घरात राहणाऱ्या ऑपरेटरच्या आईचा. ती दर दिवाळीला एक मुलगी सुचवी आणि हा दर दिवाळीला त्या मुलीत असा खलनायक शोधून काढी, की आई घाबरून गप्प बसे.

मग आई अंथरुणाला खिळली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत दिली. मी दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा टेलर खिडकीशी बसून म्हातारीच्या पोलक्याला बटन लावत होता आणि आमचा ऑपरेटर खाटेशी उकिडवा बसून घाम पुसत होता. तिला कळवल्याशिवाय तिला जाऊ द्यायचे नाही, असे त्याने ठरवले होते. कळवायचे कसे, एवढेच ठरले नव्हते.

"माय, नवा पिक्चर लागला," तो म्हणाला. एक मुलगा, त्याची आजारी आई, आणि मुलाचा दोस्त. व्हायोलिन नव्हते, त्यावरून मी ओळखले की गंभीर आहे. शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळली. नर्स थर्मामीटर झटकता झटकता थांबली.

"हिरोईन कवा येते?" म्हातारीने विचारले.

"येत नाही. त्याचा जीव त्या दोस्तावरच हाये, माय. आधीपासून."

टेलरची सुई थांबली.

"मंग माय काय म्हणते?"

शंभर सिनेमे तोंडपाठ असलेल्या माणसाला पुढचे सुचेना. "पुढचं रीळ अजून आलं नाही," तो कसाबसा म्हणाला.

"मायले सारं मालूम असते," म्हातारी म्हणाली. "पंधरा वर्षं एका ताटात जेवून राहिले दोघं. माय काय आंधळी हाये? पोरगा सांगन म्हणून वाट पाहत होती. दर दिवाळीले पोरगी पुढं करे, तरी बेटा तोंड उघडेना." दम लागला म्हणून ती थांबली. "शेवटी मरते ना थे माय?"

"नाही, माय."

"मरू दे रे तिले. मरायले टेकली म्हणून तर तू बोलला." मग मान खिडकीकडे वळवून टेलरला म्हणाली, "मी गेल्यावर तूही केस देजो. मले दोन पोरं हायेत."

ती तिसऱ्या दिवशी गेली. दहाव्याला नदीवर न्हाव्यापुढे आधी हा बसला आणि मग, कुणी बोलावले नसताना, टेलर बसला. जमलेल्या नातेवाइकांपैकी एकाने घसा खाकरला. पण एवढी मोठी गोष्ट ऐकायला लागणारे चार तास कुणाकडेच नव्हते, म्हणून कुणी काही विचारले नाही.

पुढे कित्येक दिवस दोन चकचकीत डोकी एका सायकलवरून सीताबर्डीकडे जाताना दिसत. मग केस आले. दोघांचेही पांढरे आले.